बांधलेला टीव्ही

भिंतीतून आधी पांढरी भुकटी गळली. मग कर्रर्र आवाज झाला आणि पासष्ट इंची टीव्ही भिंतीवरून सुटला. त्याच्या बरोबर खाली, भिंतीला पाठ लावून, हिराजी तांडेल पाटावर बसून बोंबलाचं कालवण आणि भात जेवत होते. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, एकदा बसले की कुणी धरल्याशिवाय उठत नाहीत. त्यांचं लक्ष ताटात होतं. मी समोर उभी होते, हातात सेट-टॉप बॉक्सची वायर. त्यांची नात प्रणाली स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. भाताच्या अर्ध्या गोणीएवढं वजन म्हाताऱ्याच्या डोक्यावर येत होतं आणि आम्ही दोघी बघत होतो. दुसरं काही करण्याएवढा वेळ नव्हता.

आता तो टीव्ही तिथे कसा गेला ते सांगते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, आमचं दुकान माणसं मारायलाच टीव्ही विकायचं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. गव्हाणच्या शाळेत तेव्हा त्यापुढचा वर्ग नव्हता, आणि असता तरी मला पाठवलं नसतं. लग्न होऊन पनवेलला आले आणि पुढे अन्वरशेठच्या टीव्हीच्या दुकानात फडका मारायला लागले. ते काम मला मिळालं याला कारण एवढंच की दुकानातली पोरं पडद्यावर ओला फडका मारायची. आताच्या टीव्हीला पूर्वीसारखी जाड काच नसते. पाणी कडेनं आत उतरतं आणि टीव्ही बाद होतो. कोरडा मऊ फडका घ्यायचा, जोर लावायचा नाही, एवढंच शिकायचं होतं. मी शिकले. शेठना त्याचं फार कौतुक वाटलं. त्यांना कौतुक वाटायला फार लागायचं नाही, पगार वाढवायला मात्र लागायचं.

फडका मारताना गिऱ्हाइकांचं बोलणं कानावर पडायचं. बाया नवऱ्याबरोबर यायच्या, सेल्समन नवऱ्याशी बोलायचा, नवरा मान हलवायचा आणि बाई माझ्याजवळ येऊन हळूच विचारायची, मावशी, खरं सांगा, कुठला घेऊ? मी खरं सांगायची. त्यातल्या बऱ्याच जणी घेऊन जायच्या. मग शेठनी मला खुर्ची दिली. फडका काढून घेतला नाही, खुर्ची वर दिली.

खरं काय ते इथेही सांगते, कारण दिवाळी आली की लोक पुन्हा तीच चूक करायला निघतात.

दुकानातला टीव्ही हळदीच्या रात्रीसारखा सजवलेला असतो. उजेड पूर्ण चढवलेला, रंग भडक, आत चाललेली फिल्म मुद्दाम बनवलेली. पोपट, मध, बर्फाचे डोंगर. तुमच्या घरी पोपट नाही आणि बर्फही नाही. तुमच्या घरी संध्याकाळची बातमी आणि रात्रीची मालिका आहे. म्हणून दुकानात गेलात की सांगा, टीव्हीतला तो दुकानाचा उजेड बंद करा आणि रोजचं चॅनेल लावा. सेल्समनचा चेहरा पडेल. पडू दे.

दुसरं, आकडे. एचडी, फोर के वगैरे म्हणजे चित्रात ठिपके जास्त. पण टीव्हीत ठिपके जास्त असले म्हणून वरून येणाऱ्या चॅनेलमध्येही असतात असं नाही. साधं चॅनेल मोठ्या टीव्हीवर लावणं म्हणजे पासपोर्टचा फोटो ताणून दारावर चिकटवणं. मग लोक दुकानात येऊन भांडतात की तुमचा टीव्ही फुटका.

तिसरं, अंतर. टीव्ही किती मोठा घ्यायचा हे खिशावर नाही, सोफा आणि भिंत यांच्यामधल्या जागेवर ठरवायचं. मी दोन हात पसरून वाव मोजायची, आमच्या गावी दोर मोजतात तसा. एका गृहस्थांनी घरून वर्तमानपत्रं चिकटवून टीव्हीएवढा कागद करून आणला होता. सगळ्यांनी हसून घेतलं. मला तो माणूस शहाणा वाटला. एक दुसरे होते, ते क्रिकेटचा सामना असला की दुकानात उभ्यानं पूर्ण बघायचे, प्रत्येक टीव्हीबद्दल मत द्यायचे, आणि शेवटी एका मोसमात मिक्सर घेऊन गेले. शेठ त्यांना चहा पाजायचे. म्हणायचे, "यमुनाबाई, इन्शाल्ला कधीतरी घेईल." शेठचे निम्मे नातेवाईक कुवेतला. सुट्टीवर येताना ते तिकडूनच टीव्ही आणायचे आणि लावायला शेठचीच माणसं मागायचे. शेठ त्यांनाही चहा पाजायचे.

प्रणाली आणि तिचे आजोबा अशा दुकानात आले. उरणजवळच्या मोरा बंदराहून, एसटीनं. मुलगी पंचविशीची, उरणच्या बाजूला कंटेनरच्या यार्डात ऑफिसमध्ये कामाला. आईबाप नाहीत असं नाही, बाप जहाजावर आणि आई धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी ठाण्याला. घरात ही आणि म्हातारा. टीव्ही ती स्वतःच्या कमाईतून घेत होती आणि तिला तो गेम खेळायला हवा होता. संध्याकाळी कामावरून आली की चार जणांची टोळी करून खेळायची. बाकीच्या तिघांना तिनं कधी बघितलेलं नव्हतं. त्यातली एक कोल्हापूरची होती एवढं तिला माहीत होतं. म्हाताऱ्याला टीव्ही हवा होता कबड्डीसाठी, बातम्यांसाठी आणि एका मालिकेसाठी, जिचं नाव त्यांना येत नव्हतं पण त्यातल्या सासूला ते नावानिशी शिव्या द्यायचे.

एकच टीव्ही दोघांना. असं गिऱ्हाईक सगळ्यात अवघड. दोन टीव्ही घेणारा श्रीमंत असतो आणि एकटा घेणारा सुखी. हे मधले आमच्या नशिबी.

प्रणालीनं सेल्समनला विचारलं, एकशेवीस हर्ट्झ खरे आहेत की कागदावरचे. आमचा सेल्समन छताकडे बघायला लागला. ते मी तिच्याकडूनच शिकले, खोटं कशाला सांगू. चित्र एका सेकंदात किती वेळा नवं होतं, तो हा आकडा. मालिकेला निम्म्यानं भागतं, कारण मालिकेत कोणी पळत नाही. गेममध्ये सगळे पळत असतात. आणि दुसरं, हातातलं बटण दाबल्यापासून पडद्यावरचा माणूस हलेपर्यंत जो वेळ जातो, तो कमी पाहिजे. टीव्ही चित्र सुंदर करत बसतो, तेवढ्यात समोरचा आपल्याला मारून जातो. म्हणून गेमसाठी वेगळं सेटिंग असतं. त्यात टीव्ही नटायचं सोडतो आणि कामाला लागतो.

म्हातारे ऐकत होते. ते म्हणाले, "सुकानू फिरवलं नि होडी वललीच नाय, मदी टाइम गेला, तसंच ना?"

"तसंच, आजोबा."

"मंग त्यो टाइम असू दे. लगेच वलली तर होडी उलटल."

"गेममध्ये होडी नाहीये, आजोबा."

"मंग काय खेलता?"

ती पुढच्या टीव्हीकडे वळली. बंदुका आहेत असं चारचौघांत आजोबांना कसं सांगणार.

मग म्हाताऱ्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "बाय, मासं दाव." दुकानाच्या फिल्ममध्ये मासे होतेच, समुद्राखालचे, पिवळे, जांभळे. ते जवळ गेले, नाक पडद्याला लागेपर्यंत. मला फडका आठवला. ते म्हणाले, इतका निळा दर्या त्यांनी उभ्या जन्मात बघितलेला नाही आणि असा मासा जाळ्यात आला असता तर त्यांनी देवाला हात जोडून परत सोडला असता. मी दुकानाचा उजेड बंद केला आणि मोबाइलवरून कुठल्यातरी मासळी बाजाराचं साधं चित्र पडद्यावर लावलं. सगळे टीव्ही ओळीनं तेच दाखवायला लागले. म्हातारे एकेकापुढे उभे राहिले. एकावर पापलेट गुलाबी, एकावर हिरवट. तिसऱ्यापुढे थांबले आणि म्हणाले, "ह्यो मासा कालचा हाय. ह्यो खरा बोलतो."

योगायोगानं त्यात प्रणालीचे हर्ट्झही होते. शेठ गल्ल्यावरून माझ्याकडे बघत होते, कारण भडक टीव्ही महाग होता आणि खरं बोलणारा स्वस्त.

मोठा टीव्ही गेला की जागा ठरवायला शेठ मला घरी पाठवायचे. बाईमाणसाला घरात सगळीकडे जाता येतं. मोऱ्याचं घर नवं बांधलेलं, बैठी खोली, वर स्लॅब. दार थेट धक्क्याकडे उघडतं. दुपारी पाण्यावरचा उजेड आत येऊन समोरच्या भिंतीवर नाचतो. त्या भिंतीवर टीव्ही लावला असता तर प्रणालीला स्वतःचं तोंड दिसलं असतं, गेम नाही. एकच भिंत बरी होती, दाराच्या कोनात, सावलीची. आणि नेमकी तिलाच पाठ लावून हिराजी तांडेल जेवायला बसायचे.

मी म्हटलं, तांडेल, तुमचा पाट पलीकडे घ्या. टीव्ही समोर दिसेल, जेवता जेवता कबड्डी बघा.

"हितनं होडी दिसते," ते म्हणाले.

खरंच दिसत होती. धक्क्याला लागलेल्या होड्यांत एक निळी-पिवळी. त्यांची नव्हती आता. गुडघे गेल्यावर विकली होती, घेणाऱ्यानं रंगही बदलला नव्हता. म्हातारे जेवताना ती कशी बांधली आहे ते बघायचे आणि घेणाऱ्याला घरातून नावं ठेवायचे. पलीकडे पाट नेला असता तर ते बंद झालं असतं.

प्रणाली मला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, "मावशी, त्यांना नका हलवू. टीव्ही वर लावू या. ते खाली बसतील."

तेव्हा ठरलं. टीव्ही ज्याला बघायचा होता त्याच्याच डोक्यावर, त्याच्या पाठीमागे. जेवताना ते होडी बघणार, जेवून झालं की नात त्यांना उचलून सोफ्यावर बसवणार, मग कबड्डी. अशीही घरं असतात. मी त्याहून विचित्र जागा बघितल्या आहेत. एकांनी देवघराच्या वर लावला होता आणि देवाला पडदा केला होता.

लावायला कंपनीचा माणूस येतो. तो दुकानाचा नसतो, आमच्या अगोदर किंवा नंतर कधीतरी येतो आणि त्याला दिवसभरात पुष्कळ घरं उरकायची असतात. तो आला तेव्हा मी नव्हते. त्यानं भिंतीला भोकं पाडली, स्क्रू धरायला प्लॅस्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या, स्क्रू पिळले, पट्टी बसवली, टीव्ही अडकवला, सही घेतली आणि गेला. घराच्या भिंती त्या पांढऱ्या हलक्या ठोकळ्यांच्या होत्या. हल्ली पनवेल-उरणकडे सगळी नवी बांधकामं त्याचीच. करवतीनं कापता येतात इतके मऊ. त्यात साधी गिट्टी म्हणजे केकमध्ये मेणबत्ती. पण वरून प्लास्टर आणि गुलाबी रंग, भिंतीला बघून काय कळणार. त्यालाही कळलं नाही, आणि विचारायची पद्धत नाही.

म्हातारे मात्र खूश नव्हते. स्क्रूवर त्यांचा विश्वास नव्हता. ज्याच्याखाली बसायचं ते बांधलेलं पाहिजे, एवढंच त्यांना कळत होतं. स्लॅबला झोपाळ्यासाठी एक कडी सोडलेली होती, भिंतीपासून जरा पुढे. झोपाळा कधी आला नाही. त्यांनी प्रणालीला स्टुलावर चढवलं, होडीचा जाड नायलॉनचा दोर काढला, टीव्हीमागच्या लोखंडी पट्ट्यांतून घेतला आणि वर कडीला बांधायला लावला. गाठ त्यांनी खाली बसून तोंडानं सांगितली, तिनं वर बांधली. दसऱ्याला त्यावर झेंडूचं तोरणही चढलं. लाख मोलाचा, जगभरातली पोरं खेळतात तो टीव्ही, आणि वरून होडीचा हिरवा दोर. प्रणाली तिच्या टोळीबरोबर खेळताना कॅमेरा लावायची नाही. मला म्हणाली, मध्ये दोर येतो.

दिवाळीच्या अलीकडे दुकानात फोन आला. म्हाताऱ्यांची तक्रार होती की मालिकेतली सासू जाडी झाली. शेठ म्हणाले, "यमुनाबाई, तुम्हीच जा. सेल्समन गेला तर सासूचीच बाजू घेईल."

गेले. सासू जाडी झाली नव्हती, ताणली गेली होती. सेट-टॉप बॉक्स जुन्या लाल-पिवळ्या वायरीनं जोडला होता आणि चॅनेलही साधंच. म्हणजे तो पासपोर्टचा फोटो. मी नवी वायर नेली होती. ती लावायच्या आधी माझी नजर वर गेली. दोर सैल होता. कडीपासून टीव्हीपर्यंत चांगला हातभर झोळ पडला होता, झेंडूची वाळलेली फुलं त्या झोळात लोंबत होती.

मी म्हटलं, तांडेल, बांधायचाच होता तर ताणून का नाही बांधला?

ते घास गिळून म्हणाले, "बाय, भरतीला होडी वर जाते, ओटीला खाली. ताणून बांदली तर ओटीला टांगून ऱ्हाते, नायतर दोर तुटतो. ढील पायजे."

"आजोबा, हा टीव्ही आहे," स्वयंपाकघरातून प्रणाली म्हणाली. "याला कसली भरती?"

"सगल्याला हाय," म्हातारे म्हणाले आणि बोंबलाचा काटा काढायला लागले.

मी टीव्हीच्या मागे हात घालून जुनी वायर ओढली. जोरात नाही, जेवढी लागते तेवढी. तेव्हा भुकटी गळली.

टीव्ही सुटला तो पट्टी, स्क्रू आणि गिट्ट्या सगळं बरोबर घेऊन. झोळ होता तेवढा तो सरळ खाली आला. मग दोर ताणला गेला, कडी कुरकुरली आणि टीव्ही म्हाताऱ्यांच्या डोक्यावर थांबला. मध्ये चार बोटं होती. मी बघितली. कडी भिंतीपासून पुढे असल्यामुळे तो तिथे राहिला नाही. त्यांच्या डोक्यावरून पाळण्यासारखा झुलत पुढे आला, आणि पुढे मी होते.

गावात अजून सांगतात की यमुनाबाईनं पुढे होऊन टीव्ही अडवला, नाहीतर झोका मागे जाऊन म्हाताऱ्याच्या तोंडावर बसला असता. झोका मागे गेला असता हे खरं. पण मी अडवला नाही. मी बाजूला व्हायला उशीर केला. टीव्हीचा कोपरा डाव्या खांद्याखाली बसला, आतून काडी मोडल्यासारखा आवाज आला आणि मी खाली बसले. बसले म्हणजे पडले.

टीव्ही आता कडीखाली लटकत होता, म्हाताऱ्यांच्या तोंडासमोर, ताटाच्या वर. ते भिंत आणि टीव्ही यांच्यामध्ये अडकले होते. उठता येत नव्हतं. वरून पांढरी भुकटी त्यांच्या डोक्यावर, भातावर. लाईटची वायर लांब होती म्हणून टीव्ही अजून चालूच होता आणि वाकड्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहून आलं होतं की सिग्नल नाही.

वर कडीपाशी स्लॅबचा थोडा पोपडा निघाला होता. ती कडी झोपाळ्यासाठी होती, पण झोका असा बसेल असं ज्यानं लावली त्याला सांगितलेलं नव्हतं.

प्रणालीनं तांब्या टाकला आणि दोन्ही हातांनी टीव्ही धरला. तिनं तो स्वतः कमावून घेतला होता, हात आपोआप तिकडे गेला असणार. मी खालून म्हटलं, "सोड तो. म्हाताऱ्याला ओढ."

ती म्हणाली, "सोडला तर हलेल."

"कोनी हलवू नका," म्हातारे आतून म्हणाले. आवाज शांत, जसं धक्क्यावर कोणाला सांगावं. "गाठ माजी हाय. ती नाय सुटायची. कडीचं मला ठावं नाय. पोरी, तू हलूच हात काड, टीव्हीला हलू देऊ नको, नि मना बगलेतना धर. बाजूनं."

तिनं हात काढला. टीव्ही जरा डुलला आणि थांबला. ती गुडघ्यांवर बसली, त्यांच्या काखेत हात घातले आणि पाटासकट त्यांना बाजूला ओढलं. पाट फरशीवर घासला. मी कडीकडे बघत होते, कारण मला दुसरीकडे मान वळवता येत नव्हती. म्हातारे बाहेर आले, डोक्यावर पीठ चोळल्यासारखे पांढरे, आणि पहिलं वाक्य बोलले, "कालवन गेलं."

मग प्रणाली रडली. त्याच्या अगोदर नाही.

शेजारचे आले, टीव्हीखाली गादी घातली, दोर कापायला निघाले. म्हाताऱ्यांनी कापू दिला नाही. बसल्या जागेवरून सांगून गाठ सोडायला लावली, दोर पुन्हा कामाला येतो म्हणून. पुढच्या टेम्पोनं मला आधी उरणला आणि मग पनवेलला नेलं. खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं होतं.

इस्पितळात अन्वरशेठ खजूर घेऊन आले. आधी माझी चौकशी केली, मनापासून केली, डोळे ओले होते. मग खुर्ची जवळ ओढून हळूच विचारलं, "पडद्याला काही झालं नाही ना?"

पडद्याला काही झालं नव्हतं. त्याचा आघात माझ्यात जिरला होता.

मग सुरू झालं ते खरं बघण्यासारखं. कंपनीचा माणूस म्हणाला, दोष भिंतीचा. घर बांधणारा म्हणाला, भिंत भिंत म्हणून बांधली होती, खुंटी म्हणून नाही. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी फोटो मागवले, बघितले आणि कळवलं की ग्राहकानं परवानगी नसलेल्या दोरानं टीव्ही बांधल्यामुळे हमी रद्द झाली आहे. म्हणजे टीव्ही पडून म्हातारा मेला असता तर हमी राहिली असती. प्रणालीनं त्यांना हे असंच लिहून विचारलं. उत्तर आलं नाही.

शेठनी त्यानंतर एक केलं. दुकानातून टीव्ही गेला की आधी भिंत ठोकून बघायचा हुकूम काढला आणि हलक्या ठोकळ्यांसाठीचे लांब स्क्रू स्वतः आणून ठेवले. कंपनीचा माणूस ते बघून हसायचा. शेठ त्यालाही चहा पाजायचे.

मी विचार पुष्कळ केला, पडून राहायला वेळ होता. दोर बांधला म्हणून तांडेल वाचले. ढील ठेवली म्हणून माझं हाड मोडलं, कारण ताणलेला असता तर टीव्ही इतका झोका घेऊन आलाच नसता, प्रणालीनं मला कागदावर काढून दाखवलं. दोन्ही एकाच माणसाचं काम. त्याचे आभार मानू की त्याला बोलू, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. भेटायला गेले तेव्हा मी बोललेच. म्हटलं, तांडेल, तुमच्या ढिलीनं माझा हात गेला.

ते म्हणाले, "ढील नसती तं कडी गेली असती, बाय." आणि मला स्वतःच्या हातानं पापलेटचा मधला तुकडा वाढला. कोळ्याच्या घरात यापेक्षा मोठी माफी नसते, म्हणून मी खाल्ला.

हाड जुळलं पण डावा हात खांद्याच्या वर जात नाही. उंच लावलेले टीव्ही पुसता येईनात. खुर्चीवर बसून नुसतं खरं बोलायला पगार द्यावा असं दुकान कुठलंच नसतं, अन्वरशेठचंही नव्हतं. त्यांनी जा म्हटलं नाही. मीच गेले. वाईट वाटलं का, तर हो. सकाळी शटर वर गेलं की सगळे काळे पडदे ओळीनं असायचे, कोणी हात न लावलेले, आणि मी एकेकावरून फडका फिरवत जायची तेव्हा त्यात माझंच तोंड दिसायचं. दुसऱ्या कुठल्या कामात मला इतक्या वेळा स्वतःचं तोंड बघायला मिळालं नसतं.

आता तो टीव्ही दुसऱ्या भिंतीला, सागवानी टेबलावर आहे. दुपारी थोडा उजेड पडतो, प्रणाली दाराचा पडदा ओढून खेळते. पाट जिथे होता तिथेच आहे. टेबलावरचा टीव्हीही बांधलेला आहे, त्याच हिरव्या दोरानं, टेबलाच्या पायाला. मी बोट घालून बघितलं. ढील आहे.

दुकान राहिलं नाही. लोक मोबाइलवर बोट फिरवून टीव्ही मागवायला लागले, त्यात दुकानाचा उजेड बंद करा म्हणून सांगायला कोणी नसतं. अन्वरशेठ गल्ल्यावर बसल्या बसल्या गेले, डोक्यावर काही पडलं नव्हतं. घर बांधणारा अपघातात गेला म्हणे. त्या दुपारी त्या खोलीत हिराजी तांडेल होते, प्रणाली होती आणि मी होते. आम्ही तिघं अजून आहोत.